सौदीला जाताय? आधी मसाल्याचा डबा उघडा



आपल्या वयाच्या बऱ्याच घरांत हल्ली एक प्रश्न येऊन बसतो. मुलगा, मुलगी किंवा जावई नोकरीसाठी रियाध, जेद्दा किंवा दम्मामला गेलेला असतो आणि फोनवर आग्रह सुरू होतो, "आई-बाबा, दोन महिने या ना इकडे." मग ओळखीतले लोक सल्ले द्यायला लागतात. एक गट म्हणतो, "काही जाऊ नका, बुरखा घालायला लावतात, जरा चुकलं की तुरुंग." दुसरा म्हणतो, "अहो, आता सगळं बदललंय. सिनेमे लागलेत, बायका गाड्या चालवतात. काही होत नाही, बिनधास्त जा." पहिला सल्ला ऐकून माणूस घाबरतो, दुसरा ऐकून गाफील राहतो. बॅग भरताना मात्र दोन्हींतला एकही उपयोगी पडत नाही.

मुलाच्या नोकरीमुळे मी रियाधला दोन वेळा जाऊन राहिले आहे. माझं मत स्पष्ट आहे. सौदी अरेबियाला जायला आपल्यासारख्या बाईला काहीच हरकत नाही. फक्त आपण काळजी चुकीच्या गोष्टींची करतो. डोक्यावर ओढणी घ्यायची की नाही यावर आपण तासभर बोलतो आणि मसाल्याचा डबा, औषधांची पिशवी, शेजारणीने दिलेलं पार्सल आणि हातातला मोबाइल यांच्याकडे बघतसुद्धा नाही. धोका असलाच तर या चार ठिकाणी आहे.

काय बदललं, काय नाही

बदल खरे आहेत. धार्मिक पोलिसांचा अटक करण्याचा अधिकार २०१६ मध्येच काढून घेतला गेला. २०१८ च्या एप्रिलमध्ये सिनेमागृहं पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी २४ जूनपासून बायका गाडी चालवू लागल्या. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पर्यटकांसाठी व्हिसा सुरू झाला. हॉटेलांत पुरुषांचा आणि कुटुंबांचा दरवाजा वेगळा ठेवायची सक्तीही त्याच वर्षाच्या शेवटी गेली.

पण नाण्याची दुसरी बाजूही पाहा. स्त्रियांना गाडी चालवू द्या म्हणून आधीपासून आवाज उठवणाऱ्या लुजैन अल-हथलूल यांना बंदी उठायच्या काही आठवडे आधी, मे २०१८ मध्ये अटक झाली आणि त्या फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटल्या. म्हणजे सूट मिळते, पण ती सरकार देईल तेव्हा आणि देईल तेवढीच. ती किती ताणता येते हे बघायला पाहुण्याने जाऊ नये. मॉलमध्ये झगमगाट दिसला म्हणून कायदा सैल झाला असं समजू नका. दारूबंदी आहेच. अमली पदार्थांच्या तस्करीला देहदंडापर्यंत शिक्षा आहे. धर्माबद्दल किंवा राजघराण्याबद्दल वावगं बोललेलं चालत नाही.

मसाल्याचा डबा

आपण मुलांकडे जाताना काय नेतो? काळा मसाला, मेतकूट, चटण्या, लाडू, करंज्या, दिवाळी जवळ असेल तर अनारसे. यांतल्या निम्म्या पदार्थांत खसखस असते. खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी, आणि सौदीत ती बंद आहे. संयुक्त अरब अमिराती आणि कतारमध्येही बंदच आहे. "चिमूटभर तर आहे" हे तिथल्या कस्टमला सांगून उपयोग नाही, कारण त्यांच्या यादीत ती मसाल्यांत येत नाही, अमली पदार्थांच्या रांगेत येते.

आपल्या काही घरांत बहुबीज म्हणून खसखस आधीपासूनच वर्ज्य असते. त्यांचा प्रश्न सुटला. पण अनेक घरांत अनारशावर, करंजीच्या सारणात, डिंकाच्या लाडवात आणि वर्षभराच्या मसाल्यात ती सर्रास असते. विकतच्या थंडाईच्या पुडीतही असते. त्यामुळे सौदीला न्यायचा मसाला वेगळा कुटावा, खसखस न घालता. जुन्या बरणीतला काढून नेऊ नये. तयार पाकिटावरची घटकांची यादी चष्मा लावून वाचावी. आणि घरी केलेली, नाव-गाव नसलेली पांढरी-करडी चूर्णं, काढ्याच्या पुड्या, वैद्यांनी कागदात बांधून दिलेल्या मात्रा नेऊच नयेत. पुडीत काय आहे ते आपल्याला माहीत असतं, तपासणाऱ्याला नसतं.

इथे कोणी म्हणेल, एवढ्याशा खसखशीसाठी एवढं कशाला? मला यात आपल्या धर्माचीच शिकवण दिसते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतला एक आहे 'विरुद्धराज्यातिक्रम', म्हणजे राज्याचे नियम डावलून व्यवहार करणं. वजनात फसवणं आणि भेसळ करणं हे अतिचारही याच यादीत, याच्या शेजारीच आहेत. व्यापारी समाजाला आचार्यांनी हे आवर्जून सांगितलं आहे. राज्य आपलं असो वा परकं, त्याची जकात आणि बंदी चुकवून माल नेणं हा व्रताला लागलेला डागच. तेव्हा "कस्टमवाल्यांनी बघितलं नाही, सुटलो" यात आनंद मानण्यासारखं काही नाही.

औषधांची पिशवी

आपल्या वयात ही सगळ्यात महत्त्वाची. आपल्याकडे सहज लिहून दिली जाणारी काही औषधं सौदीत नियंत्रित यादीत आहेत. झोपेसाठी किंवा घाबरल्यासारखं होतं म्हणून दिलेल्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम; दुखण्यावरची ट्रामाडॉल; कोडीन असलेली खोकल्याची बाटली; आणि मधुमेहात पायांची आग होते त्यासाठी दिली जाणारी प्रेगाबालिन. ही शेवटची तर आपल्यातल्या कितीतरी जणी रोज रात्री घेतात आणि तिला 'नसांची गोळी' म्हणतात. आपल्याकडे गोळीवर कंपनीने ठेवलेलं नाव मोठं छापलेलं असतं आणि खरं औषध खाली बारीक अक्षरात, त्यामुळे घेणाऱ्यालाच माहीत नसतं.

म्हणून निघायच्या महिनाभर आधी हे करा. सगळ्या गोळ्या टेबलावर मांडा आणि प्रत्येकीचं मूळ नाव एका कागदावर उतरवा. तो कागद डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्याकडून इंग्रजीत, मूळ नावांसह, आजार, रोजचं प्रमाण आणि सही-शिक्क्याचं पत्र घ्या. नियंत्रित यादीतलं औषध असेल तर सौदी फूड अँड ड्रग अथॉरिटीच्या संकेतस्थळावर आधी परवानगी काढावी लागते. ती मर्यादित दिवसांपुरतीच मिळते. मुलांकडून हे काम करून घ्या. शक्य असेल तिथे डॉक्टरांना दुसरा पर्याय विचारा, पण स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.

आणि एक घरगुती सवय मोडा. आपण स्ट्रिप कापून सोमवार-मंगळवारच्या डबीत गोळ्या भरतो. प्रवासात ते करू नका. गोळ्या मूळ वेष्टनात, खरेदीच्या पावतीसह, हातातल्या बॅगेत हव्यात. नवऱ्याची औषधं त्यांच्या नावाच्या पत्रासोबत, तुमची तुमच्या. शेजारच्या काकांसाठी नेतो म्हणून आणखी कोणाची औषधं त्यात घालू नका.

दुसऱ्याचं पार्सल

आपण सौदीला निघालो हे कळलं की चार घरांतून पिशव्या येतात. "आमच्या नितूला एवढं द्याल का?" नाही म्हणायला आपल्याला जड जातं. तरीही नाही म्हणायला शिका. मुंबईच्या एका जोडप्याचं प्रकरण वर्तमानपत्रांत खूप गाजलं होतं. २०१९ च्या जुलैमध्ये ते कतारला गेलं. नात्यातल्याच एका बाईने सोबत दिलेल्या पाकिटात चार किलो चरस निघाला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. बाळंतपण तिथे तुरुंगात झालं. इकडे तपास होऊन त्यांना फसवलं गेल्याचं पुढे आलं, मार्च २०२१ मध्ये ते निर्दोष सुटले आणि एप्रिलमध्ये घरी परतले. निर्दोष असूनही जवळजवळ दोन वर्षं गेली, हे लक्षात घ्या.

सौदीची कायदेव्यवस्था वेगळी असली तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे: बॅग ज्याची, माल त्याचा. तेव्हा जे आपण स्वतः विकत घेतलं, स्वतः बांधलं तेच न्यावं. अगदी सख्ख्या नात्यातली वस्तू असेल तर समोर उघडून, बघून, पुन्हा आपल्या हाताने बांधून. शिवलेली उशी, डिंकाने बंद केलेला डबा, भेटीच्या कागदात गुंडाळलेलं खोकं सरळ परत द्यावं. राग आला तर येऊ दे. राग पुढच्या दिवाळीपर्यंत जातो.

कपडे

आता तुमचा आवडता प्रश्न. अबाया, म्हणजे अंगभर काळा झगा, परदेशी बाईला सक्तीचा नाही. डोकं झाकायचीही सक्ती नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले, सैल, अंगाबरोबर न दिसणारे कपडे हवेत. सलवार-कमीज उत्तम. साडी नेसायची तर ब्लाउज लांब हवा आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यावा, पोट दिसू नये. आपल्या आज्या जशा नेसायच्या तशी नेसली की झालं. बाजारात, लहान गावात किंवा सरकारी कचेरीत जाताना एक मोठी ओढणी जवळ असावी. पुरुषांनी अर्ध्या चड्डीत बाहेर पडू नये. "नियम बायकांनाच असतात" असं समजून आपले हे लोक टी-शर्ट आणि बर्म्युडावर मॉलला निघतात, त्यांना दारातच थांबवा.

मला या नियमात अपमान वाटत नाही. आपल्या बस्तीत जाताना आपण चामड्याचा पट्टा आणि पर्स बाहेर ठेवायला सांगतो, पाय धुवायला लावतो, तोकडे कपडे घातलेल्या मुलीला शाल देतो. पाहुण्याने ते न कुरकुरता करावं अशी आपली अपेक्षा असते. तेवढी अपेक्षा त्यांनी आपल्याकडून केली तर बिघडलं कुठे?

जेवण आणि सूर्यास्त

जैन बाईची खरी कसोटी इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट, 'हलाल' म्हणजे शाकाहारी नव्हे. आपल्याकडे हिरवा ठिपका बघायची सवय असते, तिथे तो फक्त भारतातून आलेल्या पाकिटांवर दिसेल. जेली, मार्शमेलो, काही दही-मिठायांत जिलेटिन असतं. चीजमध्ये प्राण्यापासून काढलेलं रेनेट असू शकतं. ते हलाल असेल, पण आपल्याला चालणारं नाही. हमस आणि फलाफल शाकाहारी म्हणून लोक आनंदाने सुचवतात, पण हमसमध्ये लसूण आणि फलाफलमध्ये कांदा-लसूण दोन्ही असतात. खजूर भरपूर आणि सुंदर मिळतात, पण मधात घोळलेले नाहीत ना ते विचारून घ्यावं.

चार अरबी शब्द पाठ करा. नबाती म्हणजे शाकाहारी. बिदून लहम म्हणजे मांसाशिवाय. बिदून बसल म्हणजे कांद्याशिवाय. बिदून थूम म्हणजे लसणाशिवाय. बहुतेक हॉटेलांत काम करणारी मुलं केरळ, हैदराबाद, बांगलादेश किंवा पाकिस्तानची असतात, त्यामुळे हिंदी चालतंच. बटाटा का नको, हे मात्र त्यांना कळत नाही. समजावत बसू नका, "हे नको" एवढं पुरे. डाळी, पीठ, भाज्या, कढीपत्ता सगळं मोठ्या सुपरमार्केटात मिळतं. त्यामुळे मुलांचं घर असेल तर प्रश्न नाही. हॉटेलात उतरणार असाल तर स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. खाखरे, भाजणी, भाजलेले पोहे, मूगडाळ आणि एक लहान कुकर एवढ्यावर आठवडा निघतो.

दुसरी गोष्ट वेळेची. तिथे रात्रीचं जेवण नऊ-दहाला. आपण सूर्यास्ताआधी जेवणारे. यात एक सोय अशी आहे की घड्याळ बघावं लागत नाही. दिवसाच्या पाच नमाजांपैकी चौथी, मगरिबची, नेमकी सूर्यास्ताला असते. तिची अजान कानावर पडायच्या आत ताट उचललेलं असावं. रियाधला डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये पावणेसातच्या सुमारास. नमाजाच्या वेळी दुकानं बंद ठेवायची सक्ती आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, तरी लहान दुकानं अजून बंद होतात. मुंबईसारखं "येता येता घेऊ" म्हणाल तर सूर्यास्ताच्या तोंडावर दार लावलेलं मिळेल. खरेदी चारच्या आत उरका.

तिसरी गोष्ट रमजानची, आणि ही फार कोणी सांगत नाही. रमजानमध्ये पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत सार्वजनिक ठिकाणी खाणं-पिणं चालत नाही. हा नियम रोजा नसलेल्यांनाही आहे. पाण्याचा घोटही रस्त्यावर नको. दिवसा खाणावळी बंद, आणि उघडतात कधी तर सूर्यास्ताला. म्हणजे त्यांचं जेवण सुरू होतं तेव्हा आपलं संपलेलं असतं! हॉटेलवर अवलंबून असलेल्या जैन माणसाचा उपवासच घडेल. घरात शिजवून घरात खाण्याला बंदी नाही, त्यामुळे मुलांकडे राहणाऱ्यांचं भागतं. फिरायला जाणाऱ्यांनी मात्र तो महिना टाळावा. तो दरवर्षी साधारण दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, कारण त्यांच्या चांद्र पंचांगात आपल्यासारखा अधिक महिना नाही. तिकीट काढण्याआधी त्या वर्षीच्या तारखा बघाव्या.

बकरी ईदच्या आठवड्याचंही तेच. हाजचे दिवस असल्यामुळे जेद्दाकडे प्रचंड गर्दी असते आणि कुर्बानी सर्वत्र चालते. आपल्या मनाला जे बघवणार नाही तिथे त्याच दिवसांत मुद्दाम जाऊन मग तक्रार करणं मला पटत नाही. दिवस आपल्या हातात आहेत, ते बदलावे.

कोणी अरब कुटुंबाने घरी बोलावलं तर जरूर जा. आधीच कळवा की आम्ही मांस-मासे-अंडी खात नाही. गहवा म्हणजे वेलदोड्याची कॉफी छोट्या कपातून देतात. तो उजव्या हाताने घ्यावा. पुरे असेल तर रिकामा कप किंचित हलवून परत द्यावा, नाहीतर भरतच राहतात. सूर्यास्तानंतरचं बोलावणं असेल तर छातीवर हात ठेवून हसून नको म्हणावं. ज्या लोकांना महिनाभर रोजे माहीत आहेत, त्यांना व्रत म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. हा माझा अनुभव आहे.

आपला धर्म तिथे

सौदीत दुसऱ्या कुठल्याही धर्माचं देऊळ नाही आणि सार्वजनिक पूजेला परवानगी नाही. घराच्या चार भिंतींत, आवाज बाहेर न जाता, आपलं आपण केलेलं चालवून घेतात. पूजेचं एखादं पुस्तक आणि एक जपमाळ स्वतःपुरती नेणं ठीक. दहा प्रती वाटायला नेऊ नका, तो प्रचार समजला जाईल. प्रतिष्ठित मूर्ती तर नेऊच नये. तिचा रोजचा अभिषेक तिथे होणार नाही, बॅगेतून आणि मशीनमधून तिला नेणं हा अविनयच. णमोकार मंत्राला कुठल्या कस्टमची परवानगी लागते? अठ्ठेचाळीस मिनिटांचं सामायिक भिंतीकडे तोंड करून बसलं की होतं. दशलक्षणात तिथे असाल तर घंटा-टाळाशिवाय पूजा करा, व्हिडिओ करून कोणाला पाठवू नका.

मंदिराच्या दर्शनाची फारच ओढ लागली तर बहरीनमधल्या मनामात श्रीनाथजींचं जुनं मंदिर आहे. दम्माम-खोबरकडचे लोक समुद्रावरच्या सुमारे पंचवीस किलोमीटरच्या किंग फहद पुलावरून गाडीने जातात. पण बहरीनचा व्हिसा वेगळा लागतो, आणि तुमचा सौदीचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परत आत येता येणार नाही. आधी तपासा.

मक्केत मुस्लिम नसलेल्यांना प्रवेश नाही. "लांबून बघू" हेही नको. जेद्दाहून तायफला जाताना मोबाइलचा नकाशा जवळचा म्हणून मक्केतून जाणारा रस्ता दाखवू शकतो. मुस्लिम नसलेल्यांसाठी बाहेरून वळणारा रस्ता वेगळा आहे, तशा पाट्याही आहेत. चालकाला निघतानाच सांगून ठेवा.

मोबाइल

माझ्या मते मसाल्यापेक्षाही मोठा धोका हा आहे. आपल्या बायकांच्या आणि समाजाच्या गटांवर दिवसभर काय काय फिरत असतं ते आठवा. कुठल्या तरी धर्माला नावं ठेवणारे व्हिडिओ, खोट्या बातम्या, चेष्टा. आपण न वाचताच पुढे ढकलतो. सौदीत २००७ पासून सायबर गुन्ह्यांचा कायदा आहे. सार्वजनिक व्यवस्था, धार्मिक मूल्यं किंवा नीतिमत्तेला बाधा आणणारा मजकूर तयार करणं किंवा पाठवणं यासाठी त्यात पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि तीस लाख रियालपर्यंत दंड आहे. एक रियाल वीस रुपयांच्या पुढे आहे, हिशेब तुम्हीच करा.

निघण्यापूर्वी असे गट सोडा किंवा बंद ठेवा, साठलेले व्हिडिओ पुसा, आणि तिथे असेपर्यंत काहीही पुढे पाठवू नका. फोटो काढताना अनोळखी बायका, पोलीस, लष्कर, राजवाडे, विमानतळाची सुरक्षा यांच्याकडे कॅमेरा नको. परवानगीशिवाय कोणाचा फोटो काढणं हा २०१९ च्या सार्वजनिक सभ्यतेच्या नियमांत दंडाचा गुन्हा आहे. रांग मोडणं आणि कचरा टाकणंसुद्धा त्याच यादीत आहे.

खरं सांगायचं तर याला सौदी कायदा लागायला नको होता. भाषा समिती आपल्याला लहानपणापासून शिकवली आहे: हितकारक, मोजकं आणि खात्रीचं तेवढंच बोलावं. बोट लावून पुढे पाठवणं हेही बोलणंच आहे.

कागद आणि नंबर

व्हिसाची मुदत आणि राहण्याचे दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पर्यटकांच्या वर्षभराच्या व्हिसावर राहता येतं ते ९० दिवस. कुटुंबभेटीच्या व्हिसाचे दिवस त्यावर लिहिलेले असतात. ते पहिल्या दिवशीच कॅलेंडरवर मांडा, शेवटच्या आठवड्यात मोजू नका. पासपोर्ट आणि व्हिसाची एक प्रत पर्समध्ये, एक भारतात घरी. राहत्या घराचा पत्ता अरबीत लिहून जवळ ठेवा, फोन बंद पडला तर तोच कामी येतो.

रियाध, जेद्दा, दम्माम भागात संकटात ९११ लावावा. इतर भागांत पोलिसांसाठी ९९९, रुग्णवाहिकेसाठी ९९७. पर्यटकांची चौकशी ९३० वर. भारताचा दूतावास रियाधला आणि वाणिज्य दूतावास जेद्दाला आहे. त्यांचे नंबर मोबाइलमध्येच नव्हे, वहीतही हवेत. कोणी छेड काढली तर गप्प बसू नका. २०१८ पासून तिथे छेडछाडीविरुद्ध कडक कायदा आहे आणि बाई एकटी तक्रार करू शकते. एकटीने टॅक्सीने किंवा रियाधच्या मेट्रोने जायला हरकत नाही. मेट्रोत कुटुंबांचा वेगळा डबा असतो, तिथे बसावं. आणि शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या वर जातो, आपल्या वयाला तो झेपत नाही.

पटत नसेल तर?

शेवटचा मुद्दा, ज्यावरून माझ्याशी अनेक जणी वाद घालतात. "तू एवढे नियम पाळायला सांगतेस, म्हणजे तुला ते पटतात?" नाही, सगळे पटत नाहीत. देहदंड माझ्या अहिंसेला मान्य नाही. आपल्या हक्कासाठी बोललेल्या बाईला तुरुंगात टाकणं मला अन्यायच वाटतो. दुसऱ्याला त्याच्या देवाचं देऊळ बांधू न देणंही पटत नाही. पण नियम पाळणं आणि नियम पटणं ही एकच गोष्ट नाही. माझं मत मी इथे, माझ्या देशात, माझ्या नावाने लिहिते आहे. तिथे मी कोणाच्या तरी घरची पाहुणी असते, आणि मी केलेल्या आगाऊपणाची किंमत मी एकटी देत नाही. माझ्या मुलाची नोकरी, त्याचा परवाना आणि नातवंडांची शाळा त्यात गुंतलेली असते. सुटीत आपण दोन महिने बाणेदारपणा दाखवून परत येऊ, त्याला तिथे राहायचं असतं. हे ज्या आईला पेलतं तिने जावं.

ज्यांना दोन महिने जिभेवर आणि बोटांवर ताबा ठेवणं जमणार नाही, त्यांनी खुशाल जाऊ नये. तेही प्रामाणिक आहे. आपल्या श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत आहेच. कुठल्या दिशेला किती जायचं याची मर्यादा माणसाने स्वतःच आखायची असते. पण मग मुलांना बोल लावू नये आणि न बघितलेल्या देशाबद्दल गावभर सांगत फिरू नये.

आणि जायचं ठरलं तर आजच कपाट उघडा. औषधांची मूळ नावं लिहा, मसाल्यात खसखस आहे का बघा, मोबाइलमधले गट बंद करा आणि शेजारणीला आत्ताच सांगून ठेवा की यावेळी पार्सल नेणार नाही. बाकी अल-उलाजवळच्या हेग्राची डोंगरात कोरलेली थडगी बघून या. सौदीची ती पहिली जागतिक वारसा जागा, २००८ मध्ये जाहीर झालेली. बदामी-वेरूळ बघितलेल्या डोळ्यांना ती फार ओळखीची वाटतात.

जय जिनेंद्र.